नात्याचा पुरावा

पुण्याहून आलेलं उत्तर इंग्रजीत होतं आणि फार अदबीचं होतं. भंडारदऱ्याचा बंगला मेच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मोकळा आहे, हे कळवायला त्यांना आनंद वाटत होता. फक्त, येणाऱ्या दोन पाहुण्यांची आडनावं वेगळी आहेत आणि दोघांच्या वयांत बरंच अंतर आहे, तेव्हा श्री. भिंगारदिवे यांच्याशी आपलं नातं काय ते दाखवणारा एखादा कागद, दोघांच्या फोटोंसह, फॅक्सनं पाठवावा, म्हणजे बुकिंग पक्कं करता येईल. प्रज्ञानं ते वाक्य वाचलं आणि तिचा हात माउसवरून आपोआप उचलला गेला, माउसला काहीतरी ओलं लागलं असावं तसा. नगरजवळच्या नागापूरच्या तिच्या कारखान्यात इंटरनेट येऊन जेमतेम चार महिने झाले होते. खरेदी विभागातल्या एकाच संगणकावर ते होतं, आणि जेवणाच्या सुट्टीत कुणी ना कुणी तिथं घुटमळत असायचं. आत्ता तिच्या खुर्चीमागे खरेदीतला ओंकार उभा होता. ही वेबसाईट त्यानंच शोधून दिली होती. फोटो बघा, फॉर्म भरा, बंगला मिळाला, कुणाच्या ओळखीची गरज नाही मॅडम, असं तो म्हणाला होता. आता तो खिडकीबाहेरच्या ट्रककडे एकटक बघत होता, म्हणजे त्यानं वाचलं होतं. "सगळ्यांनाच विचारतात ते," तो म्हणाला. "लोक कुणालाही घेऊन जातात ना तिकडं." मग स्वतःचंच बोलणं कानावर पडल्यासारखा घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे तुमचं तसं नाही." "वडील आहेत माझे," प्रज्ञा म्हणाली. हे आपल्याला सांगावं लागलं, तेही या पोरगेल्या माणसाला, याची तिला शिसारी आली. वयांतलं अंतर. कुणीतरी पुण्यात, पंख्याखाली बसून, तिनं फॉर्ममध्ये भरलेले तेहतीस आणि चौसष्ट हे आकडे शेजारी ठेवले होते, आणि त्या दोन आकड्यांच्या मधे एक खोली, एक पलंग पाहिला होता.

दादांना, म्हणजे वडिलांना, यातलं काही सांगायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवलं. भाऊसाहेब भिंगारदिवे प्राथमिक शिक्षक म्हणून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, आणि त्यांनी आपल्या लेकीकडं आजवर काही म्हणून मागितलं नव्हतं. मार्चमध्ये त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा त्यांनी आधी स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला, मग प्रज्ञाकडं पाहिलं, आणि म्हणाले, "तू थकलीस गं." आठवड्यानं ते म्हणाले, भंडारदऱ्याचं पाणी एकदा बघायचं आहे. नोकरीतली पहिली तीन वर्षं त्यांनी त्या पाण्याच्या पलीकडच्या एका वाडीत काढली होती. नावेतून शाळेला जायचे. राहायला खोली मिळाली नाही म्हणून शाळेतच झोपायचे, इतकंच ते त्याबद्दल सांगत. खोली का मिळाली नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि घरात कुणी विचारलंही नाही, कारण ते विचारण्यासारखं नव्हतं. या खेपेला ते शाळेत झोपणार नाहीत, असं प्रज्ञानं ठरवलं होतं. व्हरांड्यातून पाणी दिसेल असा बंगला, आणि त्यात दादा वेताच्या खुर्चीत बसलेले. सम्राटला, तिच्या नवऱ्याला, बँकेतून रजा मिळत नव्हती. तो म्हणाला, तुम्ही दोघं जा, बापलेकीचं बरंच बोलायचं राहिलं असेल. बापलेकीचं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की तेच सिद्ध करावं लागणार आहे.

कपाटातली फाईल काढून ती रात्रीच्या जेवणाआधी बसली. रेशनकार्डावर ती सासरची होती, मतदार ओळखपत्रावर सासरची होती, कारखान्याच्या ओळखपत्रावरही. लग्नाच्या प्रमाणपत्रात माहेरचं नुसतं आडनाव होतं. लग्नाच्या आधीची प्रज्ञा भाऊसाहेब भिंगारदिवे पूर्ण नावानिशी आता एकाच कागदावर उरली होती, तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटत आलेला. विद्यार्थ्याचं संपूर्ण नाव, आणि खाली धर्म व जात: हिंदू महार. त्याच्यावर, ओळींच्या मधे कोंबून, वेगळ्या शाईत, नवबौद्ध. ती वेगळी शाई तिला आठवत होती. दहावीचा निकाल लागलेला, दादांबरोबर ती दाखला आणायला गेलेली. मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली नाही. दादा उभे राहून म्हणाले, बौद्ध लिहा. मुख्याध्यापक म्हणाले, पोरीच्या सवलती बुडतील, गुरुजी, तुमच्याच भल्याचं सांगतोय. दादा म्हणाले, बौद्ध लिहा. हे असं किती वेळ चाललं ते तिला सांगता आलं नसतं. टेबलावरच्या काचेखाली एका देवाचं कॅलेंडर चिरडलेलं होतं, त्यावर बोट ठेवून ती ते बोट किती वेळ हलवायचं नाही ते मोजत होती. शेवटी मुख्याध्यापकांनी दुसरं पेन मागवून ओळींच्या मधे तो एक शब्द घातला, आणि आधीचे दोन शब्द तसेच ठेवले. आता हाच कागद पुण्याला पाठवायचा. धर्म-जातीच्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवून झेरॉक्स काढावी, असा विचार तिच्या डोक्यात आला. पट्टी तिनं कापलीही. मग तिला वाटलं, झाकलेली ओळ उघड्या ओळीपेक्षा जास्त वाचली जाते. पट्टी तिनं चुरगाळून टाकली. पण ती कापली होती, हे तिच्या बोटांना माहीत होतं.

कारखान्यात तिला नऊ वर्षं झाली होती. ड्रॉइंग ऑफिसातली ती एकटी बाई. जगताप हे नवऱ्याचं आडनाव असं होतं की ऐकणाऱ्यानं आपल्याला हवं ते समजावं, आणि नऊ वर्षं तिनं लोकांना हवं ते समजू दिलं होतं. नावावरून ओळखणारे ओळखतच असतील. प्रज्ञा, सम्राट. पण ओळखणं वेगळं आणि कागदावर असणं वेगळं. सावेडीत लग्नानंतर खोली शोधताना एक घरमालकीण चहाचा कप हातात देता देता म्हणाली होती, तुमचं मूळ गाव कोणतं, आणि तिथं तुमची वस्ती कुठल्या बाजूला. सम्राट सरळ सांगायला निघाला होता आणि प्रज्ञानं त्याच्या आधी गावाचं नाव सांगून पाटील आडनावाच्या कुठल्याशा मैत्रिणीचा विषय काढला होता. खोली मिळाली. त्या खोलीत त्यांनी चार वर्षं काढली, आणि त्या चार वर्षांत तिला कधी गाढ झोप लागली नाही. सम्राट एकदाच म्हणाला, तू त्या बाईला फसवलं नाहीस, मला फसवलंस. मग तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

फॅक्सचं मशीन स्टोअरच्या दाराशी होतं आणि ते मोनिका चालवायची, ख्रिश्चन कॉलनीतली, बोलायला कमी. प्रज्ञानं कागद स्वतःच घातले: दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, दोघांचे फोटो चिकटवलेलं एक पान. मशीननं ते एकेक गिळले आणि सावकाश बाहेर काढले. ती मूळ कागद घेऊन जागेवर गेली. फॅक्स पोचल्यावर मशीन पोचल्याची चिठ्ठी छापतं आणि त्या चिठ्ठीवर पहिल्या पानाची छोटी प्रतही उमटते, हे तिला ठाऊक नव्हतं. जेवणाची सुट्टी संपता संपता मोनिका तिच्या टेबलाशी आली. हातातला कागद तिनं पालथा धरला होता, आणि पालथाच ठेवला. "मॅडम, हे तुमचं ट्रेमध्ये राहिलं होतं." प्रज्ञानं तो गुळगुळीत कागद उलटून पाहिला. तळहाताएवढ्या जागेत तिचा अख्खा दाखला, बारीक अक्षरात, पण वाचता येईल असा. पाऊण तास तो ट्रेमध्ये पडून होता. स्टोअरमध्ये येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्या ट्रेवरून जातो. मोनिकानं कागद पालथा धरला, म्हणजे तिनं वाचला आणि दया केली. प्रज्ञाला त्या दयेचीच जास्त किळस आली, आणि मग आपल्याला किळस येते आहे याची. हे एवढं लपवण्यासारखं काय होतं? दादांनी आयुष्यात कधी काही पालथं धरलं नव्हतं. दुपारभर ड्रॉइंग बोर्डवर ती एका ब्रॅकेटचं माप पुन्हापुन्हा घेत राहिली. ओंकार एकदा येऊन गेला. "मिळालं का बुकिंग?" एवढंच त्यानं विचारलं, नेहमीसारख्याच आवाजात, आणि तो नेहमीसारखाच आहे की मुद्दाम नेहमीसारखा केला आहे हे तिला कळेना. बुकिंग मिळालं होतं. कळवायला त्यांना आनंद वाटत होता.

संगमनेरला एसटी बदलली, मग अकोले, राजूर, आणि शेंडीपासून बंगल्यापर्यंत जीप. दादा खिडकीशी बसले होते आणि दिसेल त्या पाटीचं नाव मोठ्यानं वाचत होते, नव्या डोळ्यांना व्यायाम म्हणून. राजूरला त्यांनी पानाच्या द्रोणातली करवंदं घेतली आणि ओठ जांभळे करून घेतले. "इथून पुढं रस्ताच नव्हता," ते म्हणाले. "बैलगाडीच्या चाकोरीतून जायचं. आणि आता बघ." रस्त्याच्या कडेनं बंगल्यांच्या पाट्या होत्या. प्रज्ञाला वाटलं, झालं ते झालं, कागद गेला पण दादा इथं आले. बंगला फोटोत होता तसाच होता. उतारावरचा, लाल कौलांचा, आणि व्हरांड्यातून खाली पाणी, मेमुळं आटलेलं, काठच्या उघड्या मातीला पायऱ्या पायऱ्यांच्या रेघा पडलेल्या. दादा व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. मग त्यांनी बोट केलं. "त्या टेकाडाच्या मागं. शाळा तिथं होती." जीप त्यांना सोडून परत गेली होती.

बंगला सांभाळणारा गोरक्षनाथ मागच्या बाजूनं पंच्याला हात पुसत आला. चाळिशीचा, काटक, अनवाणी. त्यानं दादांना पाहून हात जोडले, ताईंना पाहून मान हलवली, आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. दादांनी बोलता बोलता आपण पलीकडच्या वाडीत मास्तर होतो असं सांगितल्यावर तो एकदम मोकळा झाला. "म्हंजी गुर्जीच की. मंग काम झालं माजं." त्यानं सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "शेट परवा संगमनेरवरून आलं हुतं. ह्या पावण्यांचं हे लिवून ठिवलंय म्हनले, त्यापरमानं कर. मी म्हनलं व्हय. मला तं वाचता येत न्हाई. पोरगी वाचून दाखवती, ती गेली मामाच्या गावाला. तेवढं वाचा गुर्जी, काय भाजी-बिजी आनायची आसंल तं." प्रज्ञानं कागद पाहिला आणि तिला कळलं. गुळगुळीत, कडा आत वळलेल्या, फॅक्सचा कागद. तिचा दाखला. समासात निळ्या बॉलपेननं लिहिलेल्या पाच-सहा ओळी. ती पुढं झाली, "द्या, मी वाचते," पण कागद दादांच्या हातात गेला होता. त्यांनी चष्मा सारखा केला. कागद हातभर लांब धरला. आधी त्यांनी छापील भाग पाहिला. लेकीचं नाव, स्वतःचं नाव, आणि ओळींच्या मधला तो शब्द. तिथं त्यांची नजर थांबलेली तिला दिसली. मग त्यांनी कागद आडवा केला आणि समास वाचला. स्वतःशी, ओठ न हलवता. प्रज्ञा म्हणाली, "दादा, राहू द्या." दादांनी घसा साफ केला.

"बापलेक आहेत," त्यांनी वाचलं. "पण नगरकडचे महार. बापलेक आहेत, पण नगरकडचे महार." तो आवाज ती ओळखत होती. तो वर्गातला आवाज होता, शुद्धलेखन घालतानाचा. प्रत्येक वाक्य दोनदा, शब्द सुटे करून, शेवटच्या बाकावरच्या पोरालाही लिहिता यावं असं. "आतलं स्वयंपाकघर उघडू नये. आतलं स्वयंपाकघर उघडू नये. मागं स्टोव्ह द्यावा. जुन्या गाद्या, जुनी भांडी. जुन्या गाद्या, जुनी भांडी. गेल्यावर सगळं धुवून घेणे." गोरक्षनाथ सुरुवातीला माना हलवत होता, काम समजून घेणाऱ्या माणसासारखा. मग त्याची मान हलायची थांबली. शेवटचं वाक्य दादांनी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तो जमिनीकडं बघत होता. "संपलं," दादा म्हणाले आणि कागद घडीवर घडी घालून त्यांनी त्याच्या हातात परत दिला. "गुर्जी, मला काय ठावं," गोरक्षनाथ म्हणाला. "आईशप्पत. मला वाटलं बाजाराचं काय आसंल." "तुझी काय चूक," दादा म्हणाले. "शाळेत का गेला नाहीस?" "गुरं हुती." दादांनी मान हलवली, हे उत्तर त्यांनी यापूर्वीही पुष्कळदा ऐकलेलं असावं तशी, आणि ते वळून पुन्हा पाण्याकडं बघायला लागले. प्रज्ञा व्हरांड्याच्या टोकाला गेली. तिला त्या हस्ताक्षराची किळस आली होती, गोल, सुबक, कुणाच्या तरी आईनं कौतुक केलं असेल अशा अक्षराची. बापलेक आहेत. म्हणजे नात्याचा पुरावा पटला होता.

"आपण जाऊ," ती म्हणाली. दादा म्हणाले, "आता गाडी कुठली? उद्या सकाळी." "शेंडीत दुसरं काहीतरी बघू." "प्रज्ञा, मी पाणी बघायला आलोय. बंगला बघायला नाही." "तुम्हाला राग येत नाही?" "येतो. पण वर्गात राग आला की मी हळू बोलायचो. तीच सवय राहिली." आणि मग, पाण्याकडं बघतच, "तू हा दाखला पाठवलास, मला बोलली नाहीस." नातं विचारलं होतं, असं ती सांगू शकली असती. वयांतलं अंतर. ते शब्द दादांसमोर उच्चारायचे म्हणजे तोंडातून काहीतरी सडकं काढून त्यांच्या हातावर ठेवायचं. "मला एकदा विचारायचंस," दादा म्हणाले. "मी त्यांना पत्र लिहिलं असतं. बापानं लिहिलेलं."

उन्हं कलल्यावर ती एकटीच शेंडीच्या फोन बूथपर्यंत चालत गेली. पुण्याला पलीकडून एका मुलीचा आवाज आला, तरुण, हसरा. प्रज्ञानं सांगितलं, काय लिहिलं होतं ते शब्दाला शब्द सांगितलं. बूथवाला आपल्याकडं बघतोय हे तिला जाणवलं आणि तिचा आवाज खाली गेला. मग खाली गेला याचा संताप येऊन तिनं तो चढवला. मुलगी म्हणाली, "मॅडम, ओनर काय करतात त्यावर आमचा कंट्रोल नाही. आमची प्रोसिजर आहे, सगळ्या गेस्टचे पेपर्स आम्ही ओनरना पाठवतो." "माझे कागद मला परत हवेत." "परत म्हणजे? ते तर फॅक्स आहेत मॅडम, ओरिजिनल तुमच्याकडंच आहेत ना?" "तुमच्याकडं जे आहे ते." मुलगी गोंधळली. तिला खरंच कळत नव्हतं. "आमच्याकडं तर फाईलला असतात. आणि माहिती कॉम्प्युटरला घेतलीय. पुढच्या वेळी तुम्हाला पुन्हा काही पाठवावं लागणार नाही, बघा." प्रज्ञानं रिसीव्हर ठेवला. रिसीव्हरला कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास होता आणि तो तिच्या कानाला लागून आला. परत येताना सबंध वाटभर ती पदरानं कान पुसत होती.

मागच्या पडवीत स्टोव्ह ठेवलेला होता. शेजारी दोन पोचे आलेली पातेली. गोरक्षनाथनं दुसऱ्या खोलीतल्या चांगल्या गाद्या आपणहून आणून टाकल्या होत्या. तो म्हणाला, शेट काय रातीला बघाया येतोय व्हय. प्रज्ञानं स्टोव्ह पेटवला, चहा ठेवायला वाकली आणि तिला भिंतीवर ती तार दिसली. खिळ्याला अडकवलेली, खाली आकडा असलेली, आणि तिच्यात टोचलेले कागद, हातभर जाडीचे. सगळे पाहुणे. वरचा कागद कुण्या नवराबायकोच्या लग्नपत्रिकेची प्रत होता. समासात तेच सुबक अक्षर: खरे वाटतात. तिच्या खाली एक फोटो, मध्यमवयीन माणूस, शेजारी बाई, दोघंही कॅमेऱ्याकडं घाबरून बघणारी. समासात: बाई याची नाही, संगमनेरला ओळख आहे, विचारून घेणे. त्याच्या खाली: मुसलमान, मटण आणू देऊ नये. त्याच्या खाली: बाई एकटी, कोण येते बघणे. एका फोटोतल्या मुलीच्या गालावर तेलकट अंगठा उमटलेला होता. प्रज्ञाला थांबायचं होतं आणि ती थांबली नाही. एकेक कागद तारेवरून वर सरकवत ती वाचत गेली. कुणाचं वय, कुणाचा पत्ता, कुणाचं कुंकू खरं आणि कुणाचं खोटं. आणि वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखलाय, आपल्याला पुढचा कागद हवाय. स्टोव्ह भकभकून विझला तेव्हा ती भानावर आली. हे लिहिणारा माणूस आणि मी, दोघंही वाचतोच आहोत. तिनं हात बाजूला घेतले आणि ते कुठं ठेवावेत हे तिला कळेना.

"शेट आलं की दोस्तांना वाचून दावतात ती," मागून गोरक्षनाथ म्हणाला. "संद्याकाळी बसतात आन् लई हासतात." "मी हे सगळं घेऊन जाते," प्रज्ञा म्हणाली. "जाळून टाकते." त्यानं तारेवर हात ठेवला. "ताई, तुमचा तेवढा न्या. बाकीचं गेलं तं माजी भाकरी जाईल." त्यानं खिशातला कागद काढून तिच्या पुढं धरला. ती तारेकडं बघत उभी राहिली. ती मुलगी, गालावर अंगठा असलेली, तिच्याकडं बघत होती. प्रज्ञानं स्वतःचा कागद घेतला. फक्त स्वतःचा. तिला वाटलं, ही किळस आता कधी जाणार नाही, कारण या खेपेला तिचं मूळ संगमनेरला नव्हतं, पुण्यालाही नव्हतं.

सकाळी गोरक्षनाथची बायको मुक्ताबाई झाडायला आली. रात्रीच तिला सगळं कळलं असावं. तिनं कमरेची किल्ली काढली आणि कुणाला न विचारता आतल्या स्वयंपाकघराचं कुलूप उघडलं. "या ताई. च्या हितं करा. मला तं ह्या चुलीला हात लावू देत न्हाईत, झाडून घेन्यापुरती आत घेतात. पर चावी माज्यापाशी हाय." प्रज्ञा उंबऱ्याशी आली. बंद खोलीचा वास अंगावर आला, जुन्या तेलाचा, उंदराचा. ओट्यावर चिकट काळी पुटं, कोपऱ्यात लेंड्या, आणि त्या सगळ्यावर भिंतीला एक देव, चांदीच्या चौकटीत. ती आत गेली नाही. मागून दादांनी डोकावून पाहिलं. "मुक्ताबाई, चहा बाहेरच बरा," ते म्हणाले. "आणि आपण चौघं बरोबर घेऊ." चौघांनी पडवीत बसून चहा घेतला. मुक्ताबाई आधी लांब बसली होती. दादांनी पलीकडच्या वाडीतल्या एकेका घराचं नाव घेत विचारायला सुरुवात केली, कोण आहे, कोण गेलं, तशी ती जवळ सरकली. त्यांच्या हाताखालची दोन पोरं मुंबईला गोदीत होती. एक मेला होता. शाळा पडली होती, नवी बांधली होती. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग ते पायवाटेनं खाली पाण्यापर्यंत एकटे गेले. वरून प्रज्ञाला ते दिसत होते, आटलेल्या काठाच्या मातीवर उकिडवे बसलेले, पाण्यात हात घातलेला. पुष्कळ वेळ त्यांनी तो काढला नाही.

जीप यायची वेळ झाली तेव्हा गोरक्षनाथनं एक जाड रजिस्टर आणलं. "शेटचा कायदा हाय. जाताना नाव, गाव आन् कसं वाटलं ती लिवायचं." प्रज्ञानं पानं उलटली. अतिशय सुंदर. घरच्यासारखे वाटले. गोरखभाऊंच्या घरची भाकरी विसरणार नाही. लग्नानंतरची पहिली सहल अविस्मरणीय. ही सगळी माणसं तारेवर होती. तिनं पेन घेतलं. नावाच्या रकान्यात लिहिलं, प्रज्ञा सम्राट जगताप, माहेरची प्रज्ञा भाऊसाहेब भिंगारदिवे. पत्त्याच्या रकान्यात घराचा पत्ता आणि त्याखाली कारखान्याचा, ड्रॉइंग ऑफिस. मग रकाने सोडून, रेघा सोडून, पानभर मोठ्या अक्षरात लिहिलं की मी बौद्ध आहे, हे माझे वडील आहेत, आणि या बंगल्याच्या मालकांनी आमच्याविषयी स्वतःच्या हातानं खालील सूचना लिहिली. सूचना तिनं समोर कागद ठेवून जशीच्या तशी उतरवली. तो कागद मला पडवीत पडलेला सापडला, मी स्वतः उचलला, असंही लिहिलं. हे खोटं होतं, गोरक्षनाथची भाकरी जाऊ नये म्हणून, आणि ते लिहिताना तिचा हात अडखळला नाही. शेवटी लिहिलं की इथं पाठवलेला प्रत्येकाचा कागद मालकांच्या मित्रमंडळींत वाचून दाखवला जातो, पुढच्या पाहुण्यांनी आपापला मागून घ्यावा. लिहून झाल्यावर तिला हलकं वगैरे वाटलं नाही. पुण्याच्या संगणकात ती होतीच, आणि कारखान्यात सोमवारी ती कुणाकडं कसं बघणार हे तिला माहीत नव्हतं.

दादांनी रजिस्टर आपल्याकडं ओढलं आणि सबंध पान सावकाश वाचलं. "फाडून टाकेल तो," ते म्हणाले. "टाकू दे. त्याआधी वाचावं तर लागेल." दादांनी पेन मागितलं. तिच्या सहीखाली त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली निवृत्त शिक्षक, त्याखाली तारीख. मग त्यांचं पेन पुन्हा वर गेलं आणि एका शब्दाशी थांबलं. "स्वयंपाघर," ते म्हणाले. "यात क राहिलाय बाळ." "त्यांनी तसंच लिहिलंय, दादा." दादांनी घडी उलगडून मूळ कागद पाहिला, मग वही पाहिली. पेनचं टोक त्या शब्दावर क्षणभर तसंच टेकलेलं राहिलं. "मग राहू दे तसंच," ते म्हणाले, आणि त्यांनी टोपण लावलं.